जारचं पाणी

नीलमने पाण्याच्या पितळी गुंडाच्या गळ्याखाली जमलेला पांढरा थर नखाने खरवडला, बोटावर घेतला आणि जिभेला लावला. खारट, आणि मागून कडवट. मॅग्नेशियम असावं, असं तिच्या मनात आलं. बोट ओढणीला पुसून तिने मोबाइल पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"थे कायले तोंडात घालता मॅडम," पार्बताबाई चुलीपासून म्हणाल्या. "जारचं पानी देतो ना मी."

"चव पाहत होते, काकू."

"त्यात काय पाहाचं? आमी जलमभर पाहूनच राहिलो."

हिवरखेडच्या अलीकडे एका फाट्यावरून आत वळलं की हे गाव लागायचं. सगळा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारं, जुन्या विहिरीचं त्याहून खारं, आणि नळाला पाणी यायचं तेव्हा यायचं. एक टेम्पो फिल्टरच्या पाण्याचे जार घेऊन गावात फिरे. पार्बताबाईंच्या घरात असा एकच जार होता. तो त्यांच्या मुलाच्या, अमोलच्या, खाटेजवळ स्टुलावर ठेवलेला असे, वर ओलं फडकं टाकून. जारचं पाणी अमोलला आणि पाहुण्यांना. पार्बताबाई आणि त्यांची मुलगी हर्षा गुंडातलं, म्हणजे बोअरचं पाणी पीत. हा नियम नीलमला कोणी सांगितला नव्हता. दोन-तीन भेटींत तिने तो पाहिला होता.

अमोल तिला पहिल्यांदा भेटला तो अकोल्याला, डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर. तिशीच्या आतला, सुजलेल्या डोळ्यांचा, पण बोलायला तिखट.

"कोणत्या चॅनलच्या तुमी? कॅमेरा कुठी हाय?" त्याने विचारलं होतं.

"चॅनलची नाही. मी स्वतंत्र लिहिते. लेख लिहायचा, मग कोणी घेतला तर घेतला."

"म्हंजे आमच्या मायसारखं. थे बी अकोटवरून भाजी आनते अन् बाजारात बसते. खपली तं खपली."

नीलमला त्या बाकावर हसू आलं होतं. गेल्या दोन वर्षांत तिच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन कोणी केलं नव्हतं.

आता तो खाटेवर उशीला टेकून बसला होता आणि तिची फोटो काढण्याची धडपड पाहत होता. नीलमने आधी त्याच्या हाताचा फोटो घेतला होता, जिथे सुया टोचून टोचून शीर दोरीसारखी वर आली होती. मग तो तिने पुसून टाकला, कारण मनगटावर नाव गोंदलेलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर तिने चौकटीबाहेर ठेवलं. त्याच्यावर किराणा दुकानदाराचं नाव आणि गाव छापलेलं होतं. दारातली मोटारसायकल नंबरामुळे बाद झाली. प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायची जी सवय तिला होती, तीच इथे उलट्या बाजूने वापरायची होती. प्रत्येक गोष्टीवरची चिठ्ठी काढून टाकायची.

"नाव टाकू नका," पार्बताबाईंनी पुन्हा सांगितलं. "गावाचं बी नको. पोराकडच्यायले आमी सांगतलं का अमोलले शुगर हाय. बाप किडनीनंच गेला अन् भाऊबी यातच हाय म्हनलं, तं थे म्हनतील घराण्यातच हाय. मंग पोरगी कोन नेईन?"

"नाव बदलते, काकू. गाव लिहीत नाही. कोणाचा चेहरा दाखवत नाही. ओळखेल अशी एकही खूण राहणार नाही, मी सांगते तुम्हाला."

"तुमी म्हनता तं ठीक हाय."

हर्षा मधल्या दारात उभी होती. महिन्याभरापूर्वी तिचं साक्षगंध झालं होतं. मुलगा अकोल्याचा, औषधांच्या दुकानात कामाला. कोपऱ्यात तिच्या लग्नाची भांडी आणून ठेवलेली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून. तिने त्यातलं एक ताट अर्धं उघडून पाहिलं आणि परत झाकलं.

"नावं टाकाची राहिली याच्यावर," पार्बताबाई म्हणाल्या. "अकोटले गेली का मशीनवाल्याकडून टाकून आनतो."

"लग्नाच्या आंधीच त्यायचं आडनाव टाकतं काय?"

"मंग कोनाचं टाकू? तुह्या बापाचं टाकून तुले इथंच ठेवू?"

अमोल हसला. हसता हसता त्याला धाप लागली. नीलमही हसली आणि स्वतःची सावली गुंडावर पडत होती म्हणून एक पाऊल डावीकडे सरकली. पितळी गुंड, गळ्यापासून खाली उतरलेले क्षाराचे पांढरे ओघळ, एका जागी नखाने खरवडल्यामुळे उघडं पडलेलं पितळ, आणि दारातून तिरपा येणारा उजेड. तिने तीन-चार फोटो घेतले. शेवटचा चांगला आला होता, हे तिला पडद्यावर न पाहताच कळलं.

निघताना पार्बताबाईंनी जारमधून पेला भरून तिच्या हातात दिला. पाणी गोड होतं.

*

अमरावतीला तिचे वडील, चंद्रभान, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. मुलीने रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, आणि एक दिवस ते सोडून लेख लिहायला लागली, एवढं त्यांना ठाऊक होतं. कोणी विचारलं की ते म्हणत, "पेपरात हाय." कोणत्या, असं विचारलं की विषय बदलत.

नीलमलाही तो प्रश्न रोज भेटायचा. तहसील कार्यालयात, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, दवाखान्यात. "कोणत्या पेपरच्या?" स्वतंत्र म्हटलं की समोरचा माणूस फाइल मिटायचा. इथल्या वर्तमानपत्रांनी तिचे लेख घेतले, कधी तळाला बारीक अक्षरात नाव टाकून, कधी नुसतं 'प्रतिनिधी' लिहून. स्वतःचं नाव ठळक छापलेलं पाहावं असं तिला वाटे. ही इच्छा तिला जराशी लाजिरवाणी वाटायची, म्हणून ती कोणाजवळ बोलली नव्हती.

खारपाणपट्ट्यावरचा लेख दिल्लीच्या एका इंग्रजी संकेतस्थळाने स्वीकारला तेव्हा ती दिवसभर घरात उगाच वस्तू आवरत राहिली.

तिथली संपादक बाई सौम्य होती, कामात पक्की. तिने लेखातली नावं बदलली आहेत ना, हे दोनदा विचारून घेतलं. गावाचा उल्लेख 'अकोला जिल्ह्यातलं एक गाव' एवढाच ठेवला. लेखाच्या सुरुवातीला नीलमने एक वाक्य लिहिलं होतं: पाण्यातले क्षार आणि मूत्रपिंडाचा आजार यांचा थेट संबंध अजून निर्विवाद सिद्ध झालेला नाही. संपादकाने ते उचलून शेवटून दुसऱ्या परिच्छेदात नेलं.

"सुरुवातीलाच हे वाचलं तर वाचक पुढे कशाला जाईल?" ती फोनवर म्हणाली.

"पण ते खरं आहे."

"म्हणूनच काढलं नाही. फक्त खाली नेलं."

नीलमने थोडा वेळ विचार केला आणि बरं म्हणाली. पहिलाच लेख होता. वाक्य होतं, कुठे का होईना.

फोटोंमधून गुंडाचा फोटो सगळ्यात वर लागला. फार बोलका आहे, असं संपादकाचं म्हणणं होतं.

लेख आला त्या दिवशी चंद्रभानरावांनी चष्मा लावून मोबाइल हातात घेतला. मथळा त्यांनी सावकाश वाचला. मग खाली मुलीचं नाव आलं, तिथे त्यांचं बोट थांबलं. इंग्रजी अक्षरांखालून त्यांनी ते बोट दोन वेळा फिरवलं.

"आपलं आडनावबी बराबर लिहिलं त्यायनं," ते म्हणाले.

त्यांचे बरेच ग्रुप होते. निवृत्त कर्मचाऱ्यांचा, डेपोचा, नातेवाइकांचा, अकोल्याकडच्या सोयऱ्यांचा, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा. त्यांनी लेख सगळीकडे पाठवला. लेख उघडायला वेळ लागतो म्हणून फोटोही वेगळा पाठवला, वर 'माझ्या मुलीने काढलेला' असं लिहून.

*

दोन दिवसांनी सकाळी ते अंगणातल्या खुर्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मोबाइल पायाशी, आवाज मोठा करून. अकोट डेपोतले त्यांचे जुने ड्रायव्हर, नागसेन, बोलत होते.

"चंद्रभानभाऊ, पोरीनं नाव काढलं बाप्पा. अन् हा गुंड तं आपल्या पार्बताबाईचा होय ना. भाजीचं टोपलं घेऊन आपल्या गाडीत बसे पाय थे, तिकिटाच्या सुट्ट्यासाठी तुमच्याशी भांडे. नाव चोख वाचता येते. तिचा नवरा किसनराव यानंच गेला काय मंग? आपल्याले मालूमच नाही."

चंद्रभानराव हसले आणि आत पाहून म्हणाले, "आयकलं काय? तुहा फोटो इतका साफ आला का नाग्यानं नाव वाचलं. चष्मा लावून."

नीलम हातात चहाची गाळणी घेऊन दारात आली होती. तिने गाळणी खाली ठेवली आणि वडिलांचा मोबाइल उचलला. फोटो दोन बोटांनी मोठा केला. गुंडाच्या खांद्यावर, पांढऱ्या ओघळांच्या मधून, टिंबाटिंबांची अक्षरं होती. सौ. पार्बताबाई, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. गावाच्या नावावर थर जाड होता. पण तिने जिथे नखाने खरवडलं होतं, नेमकी तिथे त्याची पहिली अक्षरं उघडी पडली होती. उरलेलं गाव कोणीही सांगितलं असतं.

तिने तो फोटो निवडताना, पाठवताना, छापून आल्यावर, किती वेळा पाहिला होता. थर पाहिला होता, उजेड पाहिला होता.

ती स्वयंपाकघरात गेली. त्यांच्याही घरी गुंड होता, आईच्या लग्नातला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. रोज पाणी घेताना नीलमचा हात आईच्या नावावर टेकायचा. ते नाव तिने शेवटचं कधी वाचलं होतं, हे तिला आठवलं नाही. भांड्यावर नाव असतंच. नाव नसलेलं वापरातलं भांडं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

संपादकाला तिने लगेच फोन केला. ती बाई खरोखर हळहळली. इकडच्या डेस्कवर सगळ्यांना ती नक्षी वाटली, म्हणाली. तासाभरात संकेतस्थळावरचा फोटो बदलला गेला. तिथे कोणत्या तरी कोरड्या शेताचा फोटो आला.

"बाबा, तुम्ही पाठवलेला पुसून टाका."

चंद्रभानरावांनी प्रयत्न केला. पण आता तो फक्त त्यांच्या मोबाइलमधून पुसला जात होता. त्यांचा चेहरा उतरला. काय झालं हे तिने दोन वाक्यांत सांगितलं होतं, आणि त्यांना ते पूर्ण समजलं होतं. ते आत गेले आणि बराच वेळ खाटेवर बसून काहीतरी टाइप करत राहिले. बाहेर आले तेव्हा जरा हलके दिसत होते.

"टाकलं म्या सगळ्या ग्रुपवर," ते म्हणाले.

नीलमने वाचलं. 'सर्वांना नम्र विनंती. गुंडाच्या फोटोवर एका घरचे नाव दिसत असून मुलीच्या लग्नाचा प्रश्न असल्याने हा फोटो कृपया कोणीही पुढे पाठवू नये.'

ती पायरीवर बसली. वडिलांच्या हातातला मोबाइल वाजू लागला. कोणाचं नाव, भाऊ? कुठं दिसते? परत टाका बरं, दिसून नाही राहिलं.

"काहून, असं नव्हतं लिहायचं काय?" त्यांनी विचारलं.

"बरोबर लिहिलं, बाबा," ती म्हणाली.

मग तिने हर्षाला फोन केला. वाक्यं मनात जुळवली होती. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत हर्षा म्हणाली, "मले माईत हाय, ताई. काल संध्याकाळीच अकोल्यावरून आला फोटो. त्याच्या मावशीनं पाठवला."

"ते काय म्हणाले?"

"काई नाई. भांडले नाई. चांगलं बोल्ले." पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. "माही तपासनी करून आना म्हनले. रक्ताची. रिपोर्ट पाहून सांगतो म्हनले."

नीलमने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"रिपोर्ट आला का तुमी येसान काय?" हर्षाने विचारलं. "तुमी सायन्सवाल्या. आमाले समजत नाई त्यातलं."

*

अकोटची गाडी वलगावला थांबली तेव्हा संपादकाची मेल आली. नीलमने ती खिडकीला डोकं टेकवून वाचली. लेख खूप वाचला गेला होता. संस्थेने तो एका पुरस्कारासाठी पाठवायचं ठरवलं होतं. विदर्भातून नियमित लिहिणारं कोणीतरी त्यांना हवं होतं, आणि ते नाव तिचं असावं अशी सगळ्यांची इच्छा होती. पुरस्काराच्या अर्जासोबत मूळ फोटो जोडता येईल का, नाव पुसट करून, हे तिने कळवावं.

तिला आनंद झाला. तो झाला, हे तिला नाकारता आलं नाही. शेजारच्या बाईने टोपली सरकवून घ्यायला सांगितली तेव्हा तिने मोबाइल पिशवीत ठेवला आणि पिशवी मांडीवर घेतली. उत्तर लिहिलं नाही. नाही लिहिलं म्हणून ती मेल कुठे जाणार नव्हती.

फाट्यावरून ती चालत गेली. घराचं दार उघडं होतं. आधी तिला गुंड दिसला. कोणीतरी तो चिंचेने घासून लख्ख केला होता. पांढरा एक ओघळही उरला नव्हता, आणि टिंबांची अक्षरं आता उंबऱ्यातूनही वाचता येत होती. कोपऱ्यातली लग्नाची भांडी तशीच वर्तमानपत्रात होती, सुतळीसकट.

"या," पार्बताबाई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात मेथीची जुडी होती, पण हात तिच्यावर नव्हते.

अमोल आदल्या दिवशी अकोल्याहून आला होता. डायलिसिसनंतरचा थकवा अजून त्याच्या अंगात होता. "बसा, मॅडम," तो म्हणाला. "आता गावात सारे मले विचारून राहिले, का तुह्या शुगरले मशीन कायले लागते म्हनून."

कोणी हसलं नाही. त्यालाही हसू आलं नव्हतं.

"काकू, माझ्या हातून..." नीलमने सुरुवात केली.

"थो रिपोर्ट दे यायले," पार्बताबाई हर्षाला म्हणाल्या.

हर्षाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी काढून दिली. अकोल्याच्या लॅबचा कागद होता. नीलम वरून खाली वाचत गेली. हिमोग्लोबिन कमी, ते अपेक्षितच. साखर ठीक. मग मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन. तिथला आकडा बाकीच्यांपेक्षा जाड छापलेला होता, आणि शेजारी बाण होता, वरच्या दिशेचा.

तिने तो आकडा पुन्हा वाचला. मर्यादेच्या बाहेर होता. फार नाही, पण मोजताना चुकून यावा इतका थोडाही नाही. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तिने विद्यार्थ्यांना कितीदा सांगितलं होतं. चाचणी पुन्हा करायची, पाणी कमी प्यालं असेल, ताप असेल, काहीही असू शकतं. हे सगळं खरं होतं. हे वाक्य कुठे ठेवायचं, सुरुवातीला की खाली, हे आता तिलाच ठरवायचं होतं.

"थोडं वाढलेलं आहे," ती म्हणाली. "एका रिपोर्टवरून सांगता येत नाही. परत करावी लागेल. लघवीचीही करावी लागेल. डॉक्टरांना दाखवू, मी येते सोबत."

"म्हंजे हाय," हर्षा म्हणाली.

"तसं नाही म्हणत मी."

"किती हाय?" अमोलने खाटेवरून विचारलं.

नीलमने आकडा सांगितला.

अमोल वर पत्र्याकडे पाहत राहिला. "माहं पहिल्यांदा केलं तवाच याच्या कितीतरी वर होतं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हने, आंधी काहून नाही आले. आंधी कोनाले मालूम होतं? तवा कोनी सांगतलं असतं तं..."

"सांगतलं असतं तं का केलं असतं तुनं?" पार्बताबाईंनी विचारलं.

त्याने मान स्टुलावरच्या जारकडे वळवली.

"निदान पानी तं बदललं असतं, माय."

बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला आणि गल्लीतून पुढे गेला. पार्बताबाई उठल्या नाहीत. हर्षाने नीलमच्या हातातून कागद घेतला, घडी घातली, पुन्हा उलगडला.

"संध्याकाळपावेतो याचा फोटो पाठवा म्हनले थे लोकं," ती म्हणाली. "रोज विचारून राहिले, आला काय, आला काय."

नीलमने पिशवी जवळ ओढली.

"तुमी नावं बदलता ना ताई," हर्षा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने ते अगदी साधेपणाने विचारलं, दुकानात एखादी गोष्ट मिळते का विचारावं तसं. "आकडा नाई बदलता येत?"

नीलमने मान हलवली. तिच्या मानेने नाही म्हटलं, पण ते कोणत्या प्रश्नाला, हे तिलाही नीट कळलं नाही. ही तपासणी झालीच नसती. तो फोटो नसता तर कोणी हर्षाला अकोल्याच्या लॅबमध्ये पाठवलं नसतं. आणि लग्न लागलं असतं, आणि भांडी नाव घालून अकोल्याला गेली असती, आणि हा आकडा आतल्या आत वाढत राहिला असता. हे बोलता येण्यासारखं नव्हतं. विशेषतः तिला.

"उन्हाच्या आल्या असान," पार्बताबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

त्यांनी फळीवरून पेला घेतला, पदराने आतून पुसला. स्टुलावरच्या जारचं ओलं फडकं बाजूला केलं. जार अर्ध्याच्या खाली आला होता. तो दोन्ही हातांनी तिरपा करून त्यांनी पेला काठोकाठ भरला. त्या वळल्या तेव्हा नीलमचा हात सवयीने पुढे झाला होता.

पार्बताबाई तिच्यासमोरून पुढे गेल्या. पेला त्यांनी हर्षापुढे धरला.

"पी."

"थे दादाचं हाय."

"पी म्हनलं ना."

हर्षाने अमोलकडे पाहिलं. तो डोळे मिटून पडला होता. तिने पेला घेतला आणि घोट घोट पिऊ लागली, पाहुणी म्हणून गेल्यावर पितात तशी.

पार्बताबाईंनी फळीवरून दुसरा पेला काढला. तोही पदराने पुसला. मग गुंडावरचं झाकण उचलून तो आत बुडवला, बाहेरून निथळू दिला, आणि आणून नीलमच्या पुढे झालेल्या हातात दिला.

नीलमने तो तोंडाला लावला. पाणी गार होतं. पहिल्या घोटाला नुसतं खारट लागलं, कडवटपणा नंतर आला आणि घशात राहिला. मध्ये न थांबता तिने पेला संपवला.

पार्बताबाई समोर उभ्याच होत्या.

"आनखी देऊ?" त्यांनी विचारलं.

नीलमने पेला पुढे केला.